शंभर टक्के सुती मोजा

मित्रांनो, दोरीवर वाळणारे ते दोन राखाडी मोजे दिसतात ना, त्यांतला डावीकडचा मी. एके काळी मी पांढराशुभ्र होतो. दूरच्या एका कारखान्यात यंत्राने मला गोल गोल विणले आणि बोटांपाशी एक जाड शिवण मारून माझे तोंड बंद केले. मग जोडीदारासह मी इंदूरला राजवाड्याजवळच्या एका दुकानात आलो.

ब्याण्णव साल होते. एका दुपारी परदेशीपुऱ्यातले शंकरराव दुकानात आले. बावीस वर्षे ते एका कापड मिलमध्ये सूत काढायच्या खात्यात होते. काही महिन्यांपूर्वी मिलला टाळे लागले होते. सोबत त्यांची मुलगी धम्मदीना होती. तिचे आजोबा महूला फौजेत होते, म्हणून लहानपणापासून तिला वर्दीची ओढ. आता एका सुरक्षा दलात मुलींची भरती निघाली होती आणि ठरलेल्या वेळेत पाच किलोमीटर पळण्याची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती.

दुकानदाराने पातळ, नायलॉन मिसळलेले मोजे पुढे केले. "भिया, दौड़ने के लिए ये ले जाओ. पसीना नहीं पकड़ता, और एड़ी पे बराबर बैठता है."

शंकररावांनी ते हातातही घेतले नाहीत. "नायलॉन नको. याच नायलॉननं आमची मिल खाल्ली."

मग त्यांनी मला उचलले. दोन बोटांत माझे सूत चोळून पाहिले, उजेडात धरले. "हे बघ धम्मा, शंभर टक्के कॉटन. सूत एकदम अस्सल आहे. एक माप मोठं आहे, पण धुतलं की आटेल."

धम्मदीनाने दुकानदाराच्या हातातल्या मोज्यांकडे पाहिले, मग वडिलांच्या चेहऱ्याकडे. "हेच घेऊ बाबा. मस्त आहेत," ती म्हणाली.

मित्रांनो, त्या दिवशी मला फार अभिमान वाटला होता.

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे चिमणबागच्या मैदानावर पळू लागली. पहिल्या दोन फेऱ्या ठीक गेल्या. मग तिच्या पायाला घाम आला आणि मी तो सगळा पिऊन घेतला. कापूस तेच करतो, पण प्यायलेले पाणी तो सोडत नाही. मी ओला, जड झालो. आधीच मोठा असल्यामुळे टाचेपाशी माझ्या चुण्या पडल्या. प्रत्येक पावलाला त्या चुण्या तिच्या ओल्या, मऊ झालेल्या कातडीवर घासत होत्या. पुढे ती जाड शिवण करंगळीला टोचत होती. मला जागचे हलायचे नव्हते, पण बूट मला ढकलत होता आणि मी सरकत होतो. आठवडाभरात टाचेवर फोड आला. तो फुटला, सुकला, आणि त्याच जागी दुसरा आला.

मला धुताना धम्मदीनाची आई सुलोचना हिला माझ्यावर लाल डाग दिसला.

"हे काय गं? सांग ना बाबांना. दुसरे आणतील."

"नको आई. मिल बंद झाल्यापासून ते पहिल्यांदा काही एवढ्या खुशीनं घेऊन आलेत. थोडे दिवस तर आहेत. चलेगा."

सुलोचनाने डाग साबणाने घासून काढला आणि मला दोरीवर टाकले. तीही गप्प राहिली. संध्याकाळी शंकरराव दोरीपाशी आले, मला हाताने चाचपून म्हणाले, "बघ, अजून कसे मजबूत आहेत." मी त्यांच्या हातात होतो, मित्रांनो, आणि काही सांगू शकत नव्हतो.

परीक्षेच्या दिवशी तिसऱ्या किलोमीटरपर्यंत ती पुढच्या दहा मुलींत होती. मग टाचेवरचा फोड फुटला. कातडी सोलली जाऊन माझ्या चुणीत गोळा झाली. तिचे पाऊल तिरके पडू लागले. एकेक मुलगी तिला मागे टाकून गेली. शेवटचे वळण घेऊन ती सरळ रेषेत आली, समोर चुन्याची पट्टी दिसत होती, आणि तेवढ्यात वेळ संपल्याची शिट्टी वाजली.

घरी शंकररावांनीच तिचे बूट काढले. मी टाचेला चिकटलो होतो. त्यांनी कोमट पाणी ओतून मला हळूहळू सोडवले आणि टाच पाहिली. मग मला उलटा करून त्या शिवणीवरून अंगठा फिरवला.

"कधीपासून आहे हे?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं घेतले होते, बाबा."

त्यांनी मला बाजूला ठेवले. "बावीस वर्षं सूतच पाहिलं मी," ते म्हणाले. "तुझा पाय पाहायचं सुचलंच नाही."

जखम भरल्यावर ते त्याच दुकानात गेले आणि स्वतः मागून ते नायलॉन मिसळलेले मोजे घेऊन आले. तिला घालायला लावले, गल्लीत दोन चकरा मारायला लावल्या आणि मग पाय बघितले. कुठेही लाली नव्हती. पण पुढच्या वर्षी भरती निघाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. निघाली तेव्हा धम्मदीनाचे वय उलटून गेले होते. आता ती भंवरकुआंच्या एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात कामाला बसते.

मित्रांनो, पळण्यासाठी मोजे घ्याल तेव्हा आधी पायात घालून पाहा. टाच टाचेवरच बसते ना, बघा. आतून उलटून शिवणीवर बोट फिरवा. घाम धरून ठेवणारा जाड सुती मोजा पळायला घेऊ नका, मग तो कुणी कितीही मायेने आणलेला असो. आणि टोचत असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. आणणाऱ्याला थोडे वाईट वाटेल, वाटू द्या.

शंकरराव आता स्नेहलतागंजच्या एका इमारतीत चौकीदार आहेत. थंडीत ते आम्हाला घालून फाटकाशी खुर्चीवर बसतात. बसणाऱ्या पायांना आम्ही ऊब देतो, तेवढे आम्हाला जमते. धम्मदीना अजूनही रोज सकाळी पळते, त्या फाटकासमोरच्याच रस्त्याने. ती लांबून दिसली की शंकरराव उठून उभे राहतात आणि आधी तिची पावले सरळ पडतात का ते बघतात.