एका घोटाला वीस

वामनरावांनी कॉफीचा घोट तोंडात धरला आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. सातावर त्यांचा चेहरा उतरला, अकरावर डोळे मिटले, आणि वीसची वाट न पाहता ते हॉटेलामागं जाऊन थुंकून आले.

"काय झालं? पोटात दुखलं?" त्यांच्या बायकोनं, रुक्माबाईंनी विचारलं.

"पोटापर्यंत गेलीच कुठं! कोनं केली ही?"

"तुमीच. आत्ता."

खरं होतं. मद्रासकडून नागपूरला जाणाऱ्या ट्रकांसाठी वामनराव पांढरकवड्याच्या सडकेवर बारा वर्षं कॉफी करत आले होते. रोज सकाळी पहिला लोटा ते ड्रायव्हरांसमोर, उभ्यानं, एका दमात रिकामा करीत. पावणेतीन मणाचा माणूस पितो म्हणजे कॉफीत दम असणार, असं गिऱ्हाईक समजे. मग अल्सर निघाला. डॉक्टरांनी अर्धं जठर कापून काढलं. दोन महिन्यांत वजन इतकं घटलं, की हॉटेलच्या पाटीवरचं त्यांचं चित्र आता त्यांच्या थोरल्या भावाचं वाटू लागलं होतं. कॉफीची परवानगी आजपासून होती. अर्धी वाटी, आणि प्रत्येक घोट वीस मोजेस्तोवर तोंडात.

म्हणजे आपली कॉफी त्यांनी आज पहिल्यांदाच चाखली होती.

"तुले ठाऊक होतं?"

"पहिल्या वर्षापासून."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"लोटा खाली ठेवल्यावर तुमी इतके खूश दिसाचे." रुक्माबाईंनी धुतलेलं पातेलं पुन्हा पुसलं. "मी म्हनलं, कायले?"

हे दोन महिने हॉटेल त्यांनीच चालवलं होतं, कॉफीही त्यांच्याच हातची. गिऱ्हाईक मात्र निम्म्यावर आलं होतं. आपण परतलो की ट्रक पुन्हा थांबतील, एवढ्या एका आशेवर वामनरावांनी दवाखान्यातली पेज गिळली होती. आता त्यांनी आपलं पातेलं बाजूला सरकवलं.

तेवढ्यात नेहमीच्या अरुमुगम ड्रायव्हरचा ट्रक थांबला. त्यानं पाटी पाहिली, वामनरावांना पाहिलं, पुन्हा पाटी पाहिली.

"मालिक किधर?"

"मैंच हूं."

टायर तपासावेत तसा अरुमुगम त्यांच्याभोवती एक फेरी मारून आला. पटल्यावर बाकावर बसला. वामनरावांनी रुक्माबाईंच्या कॉफीचा गिलास पुढं केला. त्यानं एक घोट घेतला आणि गिलास खाली ठेवला.

"ये बाई का है."

"अच्छी नहीं?"

"बहुत अच्छा. एकदम मेरा अम्मा जैसा." अरुमुगमनं मान खाली घातली. "पीके घर याद आता. घर याद आया तो गाडी आगे नहीं जाता. पिछला महिना मैं इधर से वापस मद्रास गया. नारियल के साथ."

वामनरावांनी आपल्या पातेल्याकडं बोट केलं. "और मेरा?"

"वो पिया, तो आदमी सीधा नागपूर."

रुक्माबाईंनी बाजूला सरकवलेलं पातेलं भट्टीवर चढवलं. अरुमुगमनं त्यातला गिलास एका दमात संपवला, डोक्यापासून पायापर्यंत एकदा थरारला, आणि वामनरावांची पाठ थोपटून ट्रकमध्ये जाऊन बसला. ट्रक नागपूरच्या दिशेनं निघाला.

वामनराव पडद्यामागं गेले. तिथं रुक्माबाईंच्या कॉफीची अर्धी वाटी झाकून ठेवलेली होती. त्यांनी घोट घेतला आणि मोजायला लागले.

बाहेर दुसऱ्या ट्रकचा हॉर्न वाजला.

"अवो, वीस झाले," रुक्माबाई म्हणाल्या.

त्यांनी हातानंच थांब म्हटलं. तिसाच्या पुढं गेले, तरी गिळायचं नाव नव्हतं.