आठही भाषांत सारख्या चौकटी

फॉन्टवाला सकाळपासून चौथ्यांदा खुर्चीतून उठला, खिडकीपर्यंत गेला आणि तिथे काही काम नसल्यामुळे परत आला. हॉस्पिटलची आठ भाषांतली वेबसाइट बारा वाजता सगळ्यांसाठी खुली होणार होती. तीन आठवडे त्याने 'ऑपरेशनपूर्वी' हे एकच पान दोनशे फॉन्टांत पाहिलं होतं. वाचलं एकदाही नव्हतं. ते त्याच्या कामात बसत नव्हतं.

ऑफिसच्या प्रमुख मॅडमना आठही भाषा सारख्या दिसायला हव्या होत्या. त्याने एक सडपातळ फॉन्ट शोधला, ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर स्वतःच्या हाताने घातला आणि तो जिथे नसेल तिथे नुसत्या चौकटी दिसतील अशी सोय केली. चूक असली तर लगेच डोळ्यांत भरावी म्हणून. ऑफिसात एकही चौकट दिसली नाही. सगळे खूश.

अकराला दहा कमी असताना बाबांचा फोन आला. त्याच हॉस्पिटलात संध्याकाळी पाचला त्यांचं ऑपरेशन होतं. तारीख मिळायला चार महिने लागले होते. वेबसाइट खुली होण्याआधीच, सकाळी, त्याने मोठ्या तोऱ्यात त्यांना त्या पानाची लिंक पाठवली होती.

"तुझा फॉर्म भरला रे."

"कसला फॉर्म?"

"त्या चौकटी. कागदावर उतरवल्या, सगळ्यांवर बरोबरची खूण केली. तीनशे बारा. भाषा बदलूनही पाहिली. आठही भाषांत अगदी सारख्या!"

त्याने ते पान आपल्या कॉम्प्युटरवर उघडलं. तिथे एकही चौकट नव्हती.

"पण लिहिलंय काय त्यात?" बाबांनी विचारलं.

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. "ओळींमधलं अंतर छान आहे."

"गाढवा, मजकूर!"

तेव्हा त्याने ते पान पहिल्यांदा वाचलं. ऑपरेशनआधी सहा तास काहीही खाऊ नये. खाल्ल्यास ऑपरेशन पुढे ढकललं जाईल. त्याने बोटांवर मोजलं. अकरा. घड्याळात अकराला पाच कमी. फोनमधून कुरुमकुरुम आवाज येत होता.

"बाबा, तोंडात काय आहे?"

"बिस्किट. पुडा आहे अजून अर्धा."

"थुंका! अकरानंतर काही खायचं नाही!"

"हे शिकवतात वाटतं ऑफिसात?" थुंकल्याचा आवाज आला. "घे. तुझी आई बघतेय माझ्याकडे."

त्याने फोन ठेवला आणि प्रत्येक फोनमध्ये आधीपासूनच असणारा जाडा, साधा फॉन्ट आपल्या कॉम्प्युटरवर लावून पाहिला. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हा? ह्याचं पोट सुटलंय. आणि आठ भाषा आठ तऱ्हांच्या दिसतायत."

"आपला फॉन्ट फक्त आपल्याकडेच आहे, मॅडम. तुमचा मोबाइल बघा."

मॅडमनी मोबाइलवर पान उघडलं. तिथे अजून चौकटीच होत्या. बराच वेळ बोट खाली सरकत राहिलं. मग त्यांनीच खुर्ची ओढून घेतली. "राहू दे जाडा."

अकरा वाजून गेल्यावर त्याने जाडा फॉन्ट वेबसाइटवर चढवला आणि बाबांना पान पुन्हा उघडायला लावलं.

"आता येतंय वाचता," बाबा म्हणाले. "पण खरं सांगू? चौकटी जास्त टापटीप होत्या."

"नियम कळला ना?"

"मला कळून काय उपयोग? अक्षरं एवढी जाड केलीस की तुझ्या आईने लांबूनच वाचलं. पुडा घेऊन गेली."

फॉन्टवाला खुर्चीत टेकला. मग पाचव्यांदा उठला. सात भाषा वाचायच्या राहिल्या होत्या आणि त्यांतली एकही त्याला येत नव्हती.