उजेडात धरलेला अंतरपाट

मी अंतरपाट. लग्नात नवरा-नवरीच्या मध्ये धरतात ते पांढरं कापड. माझं काम घटकाभराचं. मंगलाष्टकं संपेपर्यंत उभं राहायचं, अक्षता पडल्या की बाजूला व्हायचं. पण तेवढ्या वेळात दोन्हीकडचे चेहरे एकदम दिसतात, ते फक्त मला.

बेळगावजवळच्या वडगावात, विणकर आळीत माझा जन्म झाला. आण्णाप्पानं आपल्या मागावर मला विणलं ते लेकीच्या, अंजनीच्या लग्नासाठी. सोनाबाईनं, त्याच्या बायकोनं, माझ्यावर कुंकवानं स्वस्तिक काढलं. अंजी तेव्हा सात वर्षांची होती. मंगलाष्टकं चालली असताना ती मामाच्या खांद्यावर गाढ झोपली होती, आणि पलीकडचा नवरा मुंडावळीचं टोक तोंडात घालून चघळत होता. आण्णाप्पाचं लक्ष पंगतीत तूप कमी पडू नये, मारुतीराव पंचांचा मान चुकू नये, इकडे होतं. लेकीकडे त्यानं पाहिलंच नाही.

पुढच्या साली मानमोडीच्या तापाची साथ आली आणि तो मुलगा गेला. सासरचा उंबरा ओलांडायच्या आधीच अंजी विधवा झाली.

आता माणसांची रीत पाहा. त्या लग्नात मी होतो आणि तीही होती. मला कुणी अपशकुनी म्हटलं नाही. आळीत लग्न निघालं की, ‘आण्णाप्पाचा अंतरपाट आणा, चांगला लांबरुंद आहे,’ म्हणत लोक मला मागायला येत. परत आल्यावर माझे हळदीचे डाग अंजी घासून काढी, घडी अंजी घाली. पण मला दारात द्यायची वेळ आली की ती मागे सरे आणि सोनाबाई मला हातात घेई. माझ्या घडीला तिचे हात चालत, दारात तिचं तोंड चालत नसे.

अशी वर्षं गेली. आण्णाप्पा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायचा आणि अंजी काठावर बसून आडव्या सुताच्या कांड्या भरायची. तुटलेला धागा ती अशी सांधायची की गाठ दिसू नये. ती चांगली मोठी झाली तेव्हा निपाणीच्या परशरामानं तिला मागणी घातली. तंबाखूच्या वखारीत कामाला असलेला सरळ माणूस. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली होती.

बातमी कळताच मारुतीराव स्वतः घरी आले.

“आण्णाप्पा, म्होतूर लाव की, न्हाय कोण म्हणतंय? पण रीतीनं. रातच्याला, परड्यात, चार माणसांत. अंतरपाट न्हाय, अक्षता न्हाय.”

म्होतूर म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. ते आमच्याकडे होत असे, पण घरामागच्या परड्यात, चोरीचा माल हलवावा तसं.

आण्णाप्पानं मान डोलावली. तेवढ्यात आतून अंजी म्हणाली, “आप्पा, त्येंचंबी दुसरंच हाय न्हवं?”

“व्हय.”

“मग त्येनी दिवसा घोड्यावर बसलं तरी चालतंय, आनि मी परड्यातनं जायाचं, मांजरागत?”

“गप गं,” सोनाबाई म्हणाली. “बाप्याची गोष्ट येगळी.”

“आसंल येगळी. अंधारात लावणार आसशीला तर मी जात न्हाय. हितं कांड्या भरायला मी काय वाईट न्हाय.”

“पोरगी वकील व्हायची हुती,” मारुतीराव उठत म्हणाले. “आण्णाप्पा, दिवसा लावलंस तर ह्ये कापड परत आळीत कुनी मागायचं न्हाय. तुज्या घरचं पानीबी कुनी प्यायचं न्हाय. बघ बाबा.”

दोन दिवस माग बंद राहिला. आण्णाप्पा मला मांडीवर घेऊन नुसता बसून होता. शेवटी तो बायकोला म्हणाला, “आळी सुटंल त्याचं मला भ्या न्हाय गं. पोर घरात ऱ्हायली तर माजीच सोय हाय, त्येचं भ्या वाटतंय. मी गप बसलो तर तिच्यासाटी बसलो, का कांड्यासाटी, ह्ये मलाच कळायचं न्हाय.”

सोनाबाई त्याच्या शेजारी येऊन बसली, तसा तो पुढे म्हणाला,

“पयल्या खेपंला आपन तिला दिलं. ह्या खेपंला ती जातीया. आपन फकस्त मधी उभं ऱ्हायाचं. उजेडात.”

लग्न सकाळी, अंगणात लागलं. आळीतली दारं बंद होती आणि खिडक्या सगळ्या उघड्या. भटजींनी येतो म्हणून सांगितलं आणि आले नाहीत. परशरामाबरोबर त्याचा मामा तेवढा आला होता. मामाला मंगलाष्टकं अर्धीच पाठ होती, म्हणून ती अर्धीच दोनदा म्हणायची ठरली.

आण्णाप्पानं माझं एक टोक उचललं. दुसरं टोक मातीत लोळत होतं. मामाच्या हातात अक्षता. तिसरा माणूस नव्हता.

“कुनी येतंय का?” आण्णाप्पानं आळीकडे पाहत विचारलं. एक दार किलकिलं झालं आणि पुन्हा लागलं.

अक्षतांच्या वेळी नवरीची आई समोर उभी राहत नाही, आत बसते. सोनाबाई आत होती. ती हात पुसत बाहेर आली, तिनं मातीतलं टोक उचललं, झटकलं आणि नवऱ्याला म्हणाली, “नीट धरा. तुमची बाजू खाली गेलीया.”

मी ताठ उभा राहिलो. एका बाजूला परशराम फेटा सावरत होता, दुसऱ्या बाजूला अंजी डोळे उघडे ठेवून सरळ समोर पाहत होती. आण्णाप्पा फक्त तिच्याकडे पाहत होता.

मामा थांबला, अक्षता पडल्या. आता मला ओढून घ्यायचं. सोनाबाईनं ओढलं, पण आण्णाप्पाची मूठ सुटेना. मागावर धोटा फेकून फेकून घट्टे पडलेली ती बोटं माझ्या काठात रुतली होती.

“अवो, सोडा आता,” सोनाबाई हळूच म्हणाली.

त्यानं सोडलं नाही. मग पलीकडून अंजीचा आवाज आला. “आप्पा. सोडा.”

तेव्हा त्यानं सोडलं.

आळीनं आपला शब्द पाळला. तेव्हापासून मला मागायला कुणी आलेलं नाही. यंदा देश स्वतंत्र झाला, बेळगावात झेंडे लागले, पण मी ट्रंकेतच आहे. आण्णाप्पा थकला आहे. दिवाळीच्या आधी तो मला उन्हात घालतो. एका कोपऱ्याला कसर लागली आहे, बाकी वीण अजून घट्ट आहे.

वाचणाऱ्यांनो, मला देव्हाऱ्यात ठेवू नका. तुमच्या आळीत एखादी पोर दारातून मागे सरताना दिसली, तर तिच्यासाठी मला घेऊन जा. दिवसा जा. मला धरायला दोनच माणसं लागतात. त्यांतलं एक तुम्ही व्हा.