पश्चिमेची खिडकी

सालोमीने चौथी बादली स्लॅबवर उपडी केली. पाणी टेकतं न टेकतं तोच वाफ होऊन उडालं आणि स्लॅब पुन्हा कोरडा ठणठणीत झाला. तिने रिकामी बादली आदळली आणि अंगणापलीकडच्या इनेझच्या कौलांकडे पाहिलं.

वटार गावातल्या त्या अंगणात दोन घरं समोरासमोर होती. सासऱ्यांनी दोन मुलांसाठी बांधलेली, दोन्ही कौलारू. सालोमीने आपली कौलं उतरवून स्लॅब टाकला तेव्हा आळीतले सगळे बघायला आले होते, आणि धाकटी जाऊ इनेझ चहाचे कप विसळत होती. त्या दिवसावर सालोमी पुढे कितीतरी वर्षं जगली. मग गेल्या पावसाळ्याआधी इनेझच्या कुवेतच्या मुलाने तिची कौलं काढवली, खाली उष्णता अडवणारा चंदेरी कागद अंथरला, तीच कौलं परत चढवली आणि आतून लाकडी छत मारून घेतलं. आता इनेझकडे भर दुपारी पंखासुद्धा लागत नाही, असं लोक सालोमीला येऊन सांगत. लोकांना दुसरं काम नसतं.

तेही तिने गिळलं असतं. पण तिची लेक स्टेफी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि आठवड्याभरात बाळाच्या पाठीवर घामोळं उठलं. इनेझ म्हणाली, "आन तिला माझ्याकडे, गार आहे." तेव्हापासून दुपारची झोप तिकडे, आंघोळ तिकडे, आणि हळूहळू रात्रही तिकडेच. बाळाचा बाप्तिस्मा झाला की स्टेफी सासरी राजोडीला जाणार होती. म्हणजे नात आली आणि गेली, आणि आजीच्या मांडीला तिची सवयसुद्धा झाली नाही, असं होणार होतं.

त्यात रोज दुपारी इनेझ स्टेफीला आणि बाळाला घेऊन बाहेर ओटीवर बसायची, सालोमीच्या खिडकीच्या अगदी समोर. बाळाला खांद्यावर घ्यायची, त्याचं तोंड इकडे करून थोपटायची. मुद्दाम दाखवते, सालोमी म्हणायची आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तरी खिडकीतून हलायची नाही.

शेवटी तिने बहिणीच्या मुलाला, हिलरीला बोलावलं. तापलेली घरं गार करून देणं हेच त्याचं काम होतं. त्याने स्लॅबवर ऊन परतवणारा पांढरा रंग दोनदा दिला, आतून थर्माकोल लावून वर छत मारलं, दारांच्या फटी बुजवल्या. खोली तरी तापायचीच. हिलरी हॉलभर फिरला आणि पश्चिमेच्या खिडकीपाशी थांबला.

"मावशी, ही दुपारभर उघडी असते?"

"वारा येतो."

"वारा कसला, झळा येतात. सगळं केलंस आणि भट्टीचं दार उघडं ठेवलंस. अकरापासून सूर्य बुडेपर्यंत बंद ठेव, पडदा लाव."

"ती नको. दुसरं काय असेल ते सांग."

"दुसरं काही नाही, मावशी."

सालोमीने दोन दिवस काढले. मग जाड पडदा शिवला, खिडकी लावली आणि अंधारात बसली. पहिल्या दुपारी तिला बसवेना. तिकडे काय चाललंय ते कळत नव्हतं, नुसता हेवा होता आणि बघायला काही नव्हतं. पण दुसऱ्या दुपारी तिने भिंतीला हात लावला आणि भिंत खरंच गार होती. तिने लगेच स्टेफीला फोन केला.

"ये बाळाला घेऊन. बघ तरी."

स्टेफी आली. बाळ दुपट्यात वळवळलं आणि झोपलं. सालोमी पाळण्याची दोरी धरून बसली. जिंकल्यासारखं वाटत होतं, आणि ते ती लपवतही नव्हती.

"घाम नाही बघ एक थेंब," ती म्हणाली.

"हो गं, मस्त झालंय." स्टेफी पडद्याकडे बघत होती. "मम्मी, खिडकी का बंद केलीस? काकीला वाटलं तू रागावलीस."

"हिलरी म्हनला, ऊन येतं. मी कशाला रागवू?"

"ती रोज आम्हाला ओटीवर काढायची ना. आत एवढं गार, आणि ही आपली झळा खायला बाहेर बसवणार. मी कुरकुर करायचे. तर म्हणायची, सालोमीबाय खिडकीत आहे, नातीला बघू दे तिला. पोटभर बघू दे."

पाळण्याची दोरी थांबली.

"काल खिडकी बंद होती," स्टेफी म्हणाली, "तरी बसवलंन आम्हाला. म्हणाली, उघडेल."

सालोमी उठली आणि तिने दार उघडलं. इनेझ ओटीवर एकटीच बसली होती, कपाळावरून पदर ओढून.

"झळा खात कशाला बसलीस?" सालोमी म्हणाली. "इकडे ये."

इनेझ आत आली. उंबऱ्याशी थांबून तिने वर छताकडे पाहिलं, भिंतीला तळवा टेकवला.

"गार झालं गं, बाय. माझ्यापेक्षा गार."

हेच ऐकण्यासाठी सालोमीने सगळा उन्हाळा धडपड केली होती. आता तिला त्याचं काय करावं ते सुचेना. तिने इनेझला बसवलं आणि झोपलेल्या बाळाला उचललं, तसं ते किरकिरलं. तिने ते इनेझच्या मांडीवर दिलं, आणि ते गप्प झालं की नाही ते न बघता पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली.