डी ड्राइव्हमधले अब्बा

चूक माझीच. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या मोहल्ल्यात अजूनही काही जण त्या कॉम्प्युटरला बोल लावतात आणि मला ते ऐकवत नाही.

२००३ सालची गोष्ट. अब्बांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. कुवेतला ट्रेलर चालवायचे. तिथंच छातीत कळ आली, तिथंच दफन झाले. महाडला आली ती त्यांची बॅग. कबरीवर जावं म्हटलं तर कबर समुद्रापलीकडे. अम्मीपाशी उरला होता तो फक्त त्यांचा आवाज, आणि तोही कॉम्प्युटरमध्ये.

त्याचं असं होतं. अब्बांना लिहायचा कंटाळा, आणि फोन म्हणजे अर्धा वेळ नुसतं ‘हॅलो, हॅलो’. म्हणून आमच्याकडे कॅसेट फिरायची. अब्बा एक बाजू भरून बोलायचे आणि सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी हाती ती पाठवायचे. आम्ही आठवडाभर ऐकायचो. मग अम्मी सुरुवातीपासून, त्याच बाजूवर, त्यांच्या बोलण्यावरच आपलं उत्तर भरायची आणि तीच कॅसेट परत कुवेतला जायची. नवी कॅसेट आणावी असं कुणाच्या डोक्यातही यायचं नाही. अब्बा अर्धा तास बोलत, अम्मी पाच मिनिटांत आटपे. टेपसमोर बसली की तिची जीभच जड व्हायची. “जास्त बोल गो नुरजहाँ,” ही अब्बांची दर कॅसेटमधली तक्रार. ते गेल्यावर ती एकच म्हणत राहिली, “एकदा तरी पुरी बाजू बोलाया पायजे होती मी.”

घरात कॉम्प्युटर आल्यावर मी टेपरेकॉर्डरला वायर जोडून, अम्मीचं उत्तर भरण्याआधी, अब्बांचं बोलणं उतरवून घ्यायला लागले. अशी अकरा बोलणी जमली. दर शुक्रवारी दुपारची नमाज झाली की अम्मी ओढणी सारखी करून खुर्चीत बसायची आणि म्हणायची, “लाव.” मी पडद्यावरच्या ‘अब्बा’ नावाच्या चित्रावर क्लिक करायची. तिच्यासाठी शुक्रवार म्हणजे एवढंच उरलं होतं.

आता माझा शहाणपणा ऐका. मी कॉम्प्युटरचा कोर्स करत होते. परीक्षेत लिनक्स होतं आणि क्लासमध्ये ते असलेली मशीन दोनच. सर म्हणाले, एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही सुखानं नांदतात, सुरू करताना हवं ते निवडायचं. झालं, मी सीडी मागून आणली. सर म्हणाले होते, आधी महत्त्वाचं काय ते फ्लॉपीवर काढून ठेव. मी काय तशी बेफिकीर नव्हते. ‘अब्बा’चं चित्र उचललं आणि फ्लॉपीवर टाकलं. दोन सेकंदांत काम झालं. अकरा अर्ध्या तासांची बोलणी दोन सेकंदांत, तीही एका फ्लॉपीवर! तिथंच डोकं ठिकाणावर असतं तर मला कळायला हवं होतं. पण मी खूष.

कॉम्प्युटरची डिस्क दोन भागांत होती, सी आणि डी. माझा सगळा कारभार सीमध्ये. डीचं तोंड मी वर्षभरात बघितलं नव्हतं, म्हणून माझ्या लेखी ती रिकामी. लिनक्सची सीडी मात्र हटून बसली की जागाच नाही. मला राग आला. एवढी डी मोकळी पडलीय, ती दिसत नाही होय? मी डी पुसली आणि तिथं लिनक्स बसवलं. “खात्री आहे का?” असं पडद्यानं दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हटलं.

शुक्रवारी अम्मी येऊन बसली. मशीन चालू केलं तर काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या, वर लिनक्स, खाली विंडोज.

“ह्ये काय गो?”

“आता आपल्या एका कॉम्प्युटरमध्ये दोन कॉम्प्युटर आहेत,” मी ऐटीत म्हणाले आणि खालची ओळ निवडली. नेहमीचा पडदा आला. ‘अब्बा’चं चित्रही जागेवर होतं. मी क्लिक केलं.

आवाज आलाच नाही. पडद्यावर टॉर्चसारखी एक छोटी बॅटरी निघाली आणि इकडून तिकडे फिरत काहीतरी शोधत राहिली. मग पाटी आली, सापडत नाही.

मी पुन्हा क्लिक केलं. पुन्हा बॅटरी. फ्लॉपी घातली, तिच्यावरही बॅटरीच. अम्मी शांतपणे पडद्याकडे बघत होती. तिला वाटत होतं, मशीन अब्बांना शोधतंय, सापडतील.

पोलादपूरला माझा मामेभाऊ फुरकान असतो. कॉम्प्युटर त्यानंच बसवून दिला होता. त्याला फोन लावला.

“माहरुख, त्या चित्राच्या कोपऱ्यात लहान बाण हाय ना?”

“आहे.”

“मग तो नुस्ता पत्ता गो. सी भरत आली होती म्हणून आवाज मी डीमध्ये ठेवले होते. तुला सांगितला नव्हता काय?”

सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल. फ्लॉपीवर जपून ठेवला होता तो पत्ता, आणि घर मी माझ्या हातानं पाडलं होतं. अब्बांचं जाणं मी फोनवर ऐकलं होतं. या वेळी बोट माझं होतं.

दुसऱ्या दिवशी फुरकान एसटीनं आला. सकाळपासून अस्सरच्या नमाजपर्यंत, दुपार उतरेतो, डोकं घालून बसला आणि मान हलवून उठला. मी अम्मीला सगळं सांगितलं. तिनं मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

“अकराच्या अकरा?” तिनं विचारलं.

“हो.”

ती उठली आणि भाकऱ्या थापायला बसली. त्या आठवड्यात ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मी परीक्षेला गेले नाही. तो कॉम्प्युटर नजरेसमोर नको म्हणून त्याच्यावर चादर टाकली.

पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर बघते तर अम्मी खुर्चीत, ओढणी डोक्यावर, आणि पुढ्यात टेपरेकॉर्डर. खाली अब्बांची बॅग उघडी. तिच्यात ती फिरणारी कॅसेट होती, अम्मीचं शेवटचं उत्तर भरलेली. त्यावर परत बोलायला अब्बा उरलेच नव्हते. आपलाच आवाज काय ऐकायचा, म्हणून दीड वर्षात ती कुणी लावली नव्हती.

“त्यांनी शेवटी जो ऐकला तो मी ऐकते,” अम्मी म्हणाली. “लाव.”

मी लावली. अम्मीचा आवाज, घाईघाईनं, पाठ केल्यासारखा. कौलं शेकारून घेतली. माहरुख बारावी पास झाली. गोळ्या वेळेवर खा. बरं, ठेवते. खट्.

पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. अम्मीचा चेहरा बघवेना. मी बंद करायला हात पुढे केला.

“...आणि तो हैबती हाय ना आपल्याकडचा,” टेपमधून आवाज आला, “तो सांगत होता, सावित्रीला औंदा लय पानी...”

माझा हात तसाच राहिला. अब्बा! मधल्याच वाक्यातून, खोकत, हसत, अब्बा. त्यांचं अकरावं बोलणं. अम्मीनं जिथं थांबवलं होतं, तिथून पुढचं पुसायला कुणी गेलंच नव्हतं.

अम्मीनं माझं मनगट घट्ट धरलं. बाजू संपून बटण आपोआप वर येईपर्यंत तिनं ते सोडलं नाही.

“पंचवीस मिनटं,” ती म्हणाली. मग तोंडावर ओढणी धरून, रडत की हसत मला कळेना, म्हणाली, “बरा झाला गो, मी जास्त बोलले नाय.”