माझ्या हाताची दोरी

सुरभी दहावीच्या गणितात दोनदा नापास झाली, तेव्हा मीच गावभर सांगत फिरले की आमच्या नातीच्या डोक्यात नुसती सरकी भरली आहे. माझी शाळा चौथीतच सुटली, तरी पाच एकरांचा हिशेब मी तोंडी करते, हेही सांगायला विसरले नाही.

परवा कपाशीची लावण करायची होती अन् दोरी सापडेना. दर दोन हातांवर गाठ मारलेली दोरी असते; ती ओळीत ताणायची अन् गाठीपाशी सरकी टोबायची. सून म्हणाली, सुरभीनं क्लासला नेली. घाटंजीला रत्नप्रभा मॅडम आपल्या ओसरीवर नापास पोरांना गणित शिकवतात, तिथं. मी तशीच एसटीत बसले.

ओसरीवर पाय ठेवताच ओरडले, "का हो मॅडम, गणित शिकवून राह्यल्या का दोऱ्या वळून राह्यल्या?"

"या आजी, बसा. तुमच्याच दोरीचं गणित चाललंय."

फळ्यापाशी सोनू उभी होती. नलूची पोर. मी मान फिरवली. नलू वीस वर्षं आमच्या वावरात राबली. आमचे हे गेले, त्यानंतरची गेल्या सालची पहिली लावण. नेहमीसारख्या दहा थैल्या सरकी मी नलूच्या हाती दिली, तर दोन थैल्यांचं वावर रिकामं राहिलं. पिठाच्या चक्कीवर, भरल्या बायांत मी तिला चोर म्हटलं. ती पुन्हा आमच्या वावरात आली नाही.

सुरभीनं दोन दोऱ्या आणल्या होत्या. एक ह्यांची, उंदरांनी कुरतडलेली. दुसरी मी गेल्या साली केलेली.

सोनूनं मोजून सांगितलं, "जुनीत गाठीपासून गाठ छत्तीस इंच. नवीत तीस."

"असं कसं होईन? दोन्हीत दोन-दोनच हात हायेत!"

"पण हात कोनाचा, आजी?" सुरभी म्हणाली.

ह्यांचा हात केवढा होता, तो मला आठवला. मी माझा पदराखाली घेतला.

सोनू फळ्यावर लिहीत होती. "तीनशे फुटांची ओळ. जुन्या दोरीनं शंभर जागी सरकी. नवीन दोरीनं एकशेवीस जागी. म्हणजे जिथं दहा थैल्या लागत होत्या, तिथं..." तिचा खडू थांबला. "बारा."

मॅडम शाबास म्हणाल्या. बाकी पोरांना काही कळलं नाही. सोनू मात्र वळून माझ्याकडे पाहत राहिली. गेल्या सालच्या त्या दोन थैल्या माझ्याच दोरीनं खाल्ल्या होत्या.

क्लास सुटल्यावर मी तिला दाराशी गाठलं. "माय घरी हाय का तुही?"

"हाय. पन तुमाले दार उघडन का नाही, मले नाही माहीत."

"घरी नाही जायचं मले. मी चक्कीवर बोलली होती, चक्कीवरच सांगीन. पन हे छत्तीस-तीस मले सांगता येत नाही. शिकवतं का?"

सोनू खाली बसली. फरशीवर दोन्ही दोऱ्या पसरल्या. मी दोनदा चुकले. तिसऱ्यांदा पुन्हा शंभरावरच अडले. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. सुरभी पायरीवर बसून माझ्याकडे न पाहता वाट पाहत होती.

"पुन्हा सांगा, आजी," सोनू म्हणाली.