पडद्यावर नुसत्या मुंग्या

देवदत्त कर्णिकांच्या घरी मेकॅनिक आलेला मुलुंडच्या त्या सोसायटीत कुणी कधी पाहिला नव्हता. मिक्सर, गीझर, पंखा, दाराची बेल, काहीही बिघडो, देवदत्त आधी चष्मा पुसत आणि मग ते उघडून बसत. सगळी नोकरी एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं दुरुस्त करण्यात गेली होती, त्यामुळे बंद पडलेली वस्तू दिसली की या माणसाचे हात शिवशिवायला लागत. जगात वस्तू दोनच प्रकारच्या, दुरुस्त झालेल्या आणि दुरुस्त व्हायच्या, असं ते म्हणत. बोलायला काय जातं? त्यांची बायको क्षमा विसरायला लागली, तेव्हा हे वाक्य त्यांनी गुपचूप बंद केलं.

आधी ती चाव्या विसरली, मग गॅस, मग शेजारणीचं नाव. घरच्यांनी ते बरेच दिवस हसण्यावारी नेलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं ते लांबलचक होतं आणि उपाय सांगितला तो अगदी आखूड, की त्यांना जुन्या ओळखीच्या कामात गुंतवा. पण पोळ्या करायला उभं केलं तर क्षमा लाटणं हातात धरून नुसती उभी राही. सगळ्यात वाईट म्हणजे ऊन उतरलं की ती देवदत्तांनाही ओळखेनाशी व्हायची. सकाळी "अहो, चहा" म्हणणारी बायको संध्याकाळी परक्या माणसाकडे बघावं तशी आपल्याकडे बघते आणि पदर सावरून बसते, हे ज्याचं जळतं त्यालाच कळतं. देवदत्तांना त्या वेळी फार एकटं वाटायचं. ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती, कारण असलं काही ते आजवर क्षमालाच सांगत आले होते.

दिवाळी उलटून गेल्यावर एका संध्याकाळी ती खिडकीशी उभी होती. खाली सोसायटीच्या पोरांचा दंगा चालला होता. ती एकदम वळली आणि म्हणाली, "अहो, मुलं येतील आता. कॉम्प्युटर लावा ना."

संध्याकाळ होती, आणि ती "अहो" म्हणाली होती. देवदत्तांच्या हातातला पेपर तसाच राहिला.

हा कॉम्प्युटर म्हणजे आताचा नव्हे. गंधाली, त्यांची मुलगी, शाळेतही जात नव्हती तेव्हा लंडनच्या मावसभावानं तो आणून दिला होता. नुसता कीबोर्ड, त्याच्याच पोटात सगळं यंत्र. पडदा म्हणून घरातला टीव्ही जोडायचा आणि गेम कॅसेटवरून टेपरेकॉर्डर लावून आत भरायचा. आख्ख्या आळीत तसली चीज दुसरी नव्हती. देवदत्त कारखान्यात असायचे, त्यामुळे संध्याकाळचा सगळा कारभार क्षमाच्या हातात. पोरं चपला बाहेर काढून ओळीनं बसायची. टेपमधून चिरका आवाज सुरू झाला की क्षमा पंखा बंद करायची आणि ओठांवर बोट ठेवायची. पंख्याच्या वाऱ्यानं गेम बिघडत नाही, हे देवदत्तांनी तिला शंभरदा सांगितलं असेल. पण तो आवाज ऐकून "हा लागणार" किंवा "हा नाही लागायचा, मागे घ्या रे" असं ती जे सांगायची, ते कधी चुकलं नाही. देवदत्तांना स्वतःला ते कधी जमलं नाही, आणि याचं त्यांना मनातून कौतुक होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटर माळ्यावरून खाली काढला. घरचा भिंतीवरचा सपाट टीव्ही त्याला काही दाद देईना, म्हणून सोसायटीच्या ऑफिसात धूळ खात पडलेला जुना, मागे ढेरी असलेला टीव्ही ते मागून घेऊन आले. वायर जोडली, बटण दाबलं. कीबोर्डच्या कोपऱ्यातला लाल दिवा लागला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. पण पडद्यावर नुसत्या मुंग्या. चॅनेल पुढे फिरवा, मागे फिरवा, मुंग्या काही हलेनात.

क्षमा शेजारच्या खुर्चीत हात मांडीवर घेऊन बसली होती, नाटकाचा पडदा वर जायची वाट बघावी तशी.

"लागला?"

"लागतोय."

"अहो, मुलं ताटकळतात."

त्या दिवसापासून हाच रोजचा कार्यक्रम झाला. देवदत्तांनी अडॅप्टर मीटर लावून मोजला, तो ठणठणीत निघाला. वायर बदलली. लॅमिंग्टन रोडला जाऊन जुन्या टीव्हीच्या पिना धुंडाळल्या. तिथल्या दुकानदारानं "काका, हे म्यूझियमला देऊन टाका" असा फुकटचा सल्ला दिला. रोज संध्याकाळी ते नव्यानं जोडणी करत आणि रोज क्षमा येऊन बसे. बटण दाबेपर्यंत ते तिचे "अहो" असत. पडद्यावर मुंग्या आल्या की तिचा चेहरा हळूहळू बंद होत जाई. मग ती आत जाऊन बसायची आणि त्यांना ओळखायची नाही. म्हणजे त्या म्हाताऱ्या यंत्राच्या जोरावर त्यांचं लग्न रोज जेमतेम अर्धा तास टिकत होतं. यंत्र सुरू झालं तर ते रात्रीच्या जेवणापर्यंत टिकेल, एवढीच त्यांची आशा होती.

आता आत बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ते त्यांनी लांबणीवर टाकलं होतं, कारण हल्ली हात थरथरत. रविवारी गंधाली गोरेगावहून लिंक रोडच्या बसनं आली. तिला त्यांनी टॉर्च धरायला बसवलं, कीबोर्ड उलटा केला आणि खालचे स्क्रू काढले. झाकण उचललं.

आत देवघर होतं.

अक्षतांचे दाणे बोर्डाला चिकटून काळे पडले होते. कुंकवाचा चिखल होऊन वाळला होता. झेंडूच्या पाकळ्या होत्या, आपट्याचं एक पानही होतं. या सगळ्याखाली तांब्याच्या बारीक रेघांवर हिरवा गंज चढला होता. चिपांचे पाय त्या हिरव्यात बुडून गेले होते.

देवदत्तांना सगळं आठवलं. हा कॉम्प्युटर आला त्या वर्षी दसऱ्याला त्यांनीच क्षमाला हाक मारून गंधाची वाटी मागितली होती. यंत्र आहे, वर्षातून एकदा त्याचाही मान झाला पाहिजे, असं मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते. तेव्हापासून क्षमानं एक दसरा सोडला नाही. पोरं मोठी झाली, कॉम्प्युटर माळ्यावर गेला, तरी दसऱ्याला तो खाली यायचाच. फुलानं पाणी शिंपडायचं, हळदकुंकू, अक्षता, वर झेंडू, शेजारी साखरेची वाटी. संध्याकाळी ती पूजेसकट तो प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून द्यायची, कारण वाहिलेलं फूल त्याच दिवशी काढायचं नाही. स्टुलावर चढून तो वर ठेवायचे देवदत्तच. कीबोर्डच्या मागे हवा जायला फटी असतात, हे मुलुंडमध्ये कुणाला माहीत असेल तर ते त्यांनाच. माळ्यावर गेल्यापासून यंत्राची पूजा एकदाही चुकली नाही आणि ते सुरू मात्र कुणी एकदाही केलं नाही. असला शहाणपणा फक्त आपल्याच घरांत होऊ शकतो. यंदा तर क्षमानं दसऱ्याला पूजा दोनदा केली होती, सकाळी एकदा, आणि केल्याचं विसरून दुपारी पुन्हा एकदा. देवदत्तांनी दोन्ही वेळा हात जोडले होते.

"बाबा, वाट लागलीये याची," गंधाली म्हणाली.

"काय झालं गं?" क्षमा मागे येऊन उभी होती.

"आई, तू याच्यावर पाणी..."

"गंधाली," देवदत्त म्हणाले. ती थांबली.

क्षमानं वाकून आत बघितलं. कुंकू बघून तिचा चेहरा उजळला. "मी केलीय ती पूजा. दर दसऱ्याला करते. म्हणून तर इतकी वर्षं टिकलाय."

"हो," देवदत्त म्हणाले, "म्हणूनच टिकलाय."

ती समाधानानं आत गेली. गंधालीनं टॉर्च बंद केला आणि दोन्ही हातांनी डोळे दाबले.

मग तिनं लॅपटॉप काढला. हे जुने गेम आता इंटरनेटवर फुकट मिळतात, हुबेहूब तसेच दिसतात, हे तिनं घरून निघतानाच शोधून ठेवलं होतं. तिनं आईला शेजारी बसवून गेम लावला. क्षमानं तो दुसऱ्याच्या घरी गेल्यावर अल्बम बघतात तसा बघितला. "छान आहे हं," ती म्हणाली. "कुणाचा आहे?" थोड्या वेळानं तिनं विचारलं, "कॅसेट कुठाय याची?" आणि कॅसेट नाही म्हटल्यावर तिचं त्यातलं लक्षच उडालं.

निघताना गंधाली दारात घुटमळली. "बाबा, तो सुरू झाला म्हणून आई काही बरी होणार नाहीये."

"बरी कुठे करायचीय मला? तेवढं मला कळतं. संध्याकाळी ती मला ओळखते गं, याच्यामुळे."

 गंधालीनं त्यांचा हात धरला, पुढच्या रविवारी येते म्हणाली आणि गेली.

दुपारभर देवदत्त टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन बसले. अक्षता एकेक करून उचलल्या, कुंकू भिजवून काढलं. स्वच्छ होत गेला तसा बोर्ड जास्तच केविलवाणा दिसायला लागला, कारण गंजाखाली तांबं उरलंच नव्हतं. तरी त्यांनी तुटलेल्या रेघांवर केसाएवढ्या तारा लावून सोल्डर केल्या. हात थरथरत होते, तेव्हा मनगट टेबलावर टेकवून केल्या. राहिली ती मधली मोठी चिप. तिचे पाय साफ करायला ती सॉकेटमधून उचलायला हवी होती. अशा शेकडो चिपा त्यांनी आयुष्यात उचलल्या होत्या. त्यांनी श्वास रोखला, एका बाजूनं स्क्रू ड्रायव्हरचं टोक घातलं आणि अलगद दाब दिला.

चिप वर आली. तिचे पाय सॉकेटमध्येच राहिले.

देवदत्त ती बिनपायाची चिप तळहातावर घेऊन बसून राहिले. ही आता कुठे बनत नाही. कुठून तरी मिळाली तरी हा बोर्ड तिला पेलणार नाही. पुढे काय करायचं हे त्यांना कळेना, आणि यंत्रापुढे बसून असं कळेनासं होणं त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी हात टेकले. टेबलावर नुसतेच ठेवून दिले. रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तेही येईना.

खिडकीतलं ऊन उतरलं होतं.

क्षमा पाण्याचा ग्लास घेऊन आली. तिनं तो त्यांच्या हातात न देता टेबलाच्या कडेला ठेवला आणि दोन पावलं मागे सरली.

"पाणी घ्या भाऊ," ती म्हणाली. "केव्हाचे बसलाय."

देवदत्तांनी वर बघितलं. चष्म्यावर भिंग चढवलेलं, बाह्या दुमडलेल्या, पुढ्यात हत्यारं. त्या घरात पहिल्यांदाच मेकॅनिक आला होता.

"नाही होत का?" तिनं विचारलं.

"नाही होत."

"तुमचा काही दोष नाही हो. जुनाच आहे." ती थोडी पुढे आली. उघड्या बोर्डाकडे तिनं बराच वेळ बघितलं आणि मग आवाज खाली आणला. "पण आमच्या ह्यांना आता सांगू काय? फार जीव आहे त्यांचा याच्यावर. कामावरून आले की आधी याच्याकडे बघतात, मग माझ्याकडे."

हे खरं होतं. बूट न काढता ते कॉम्प्युटरपुढे बसत आणि क्षमा मागे चहाचा कप घेऊन उभी राही. तिनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. आज काढला, तोही परक्या माणसाजवळ. 

"रागावतील का हो ते?"

"नाही रागावणार, वहिनी."

"तुम्हाला काय माहीत त्यांचा स्वभाव? मोडलं म्हणून कुणी काही टाकलेलं त्यांना चालत नाही. सगळं दुरुस्त होतं म्हणतात." तिची बोटं पदराशी चाळा करत होती. ती खरोखर घाबरली होती, आणि तिची समजूत घालू शकेल असा एकच माणूस या जगात होता, तो अजून कामावरून यायचा होता. "भाऊ, तुम्ही थांबता का जरा? ते येईपर्यंत? तुम्ही सांगा त्यांना नाही होत म्हणून. तुमचं ऐकतील."

देवदत्तांनी भिंग काढून ठेवलं.

"थांबतो," ते म्हणाले.

तिला बरं वाटलं. तिनं एक खुर्ची ओढून दाराच्या समोर ठेवली आणि त्यांना बसा म्हणून खूण केली. दुसरी थोडं अंतर सोडून स्वतःसाठी ठेवली. दोघं दाराकडे तोंड करून बसली. जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली, वरच्या मजल्यावर निघून गेली. क्षमा पुन्हा टेकून बसली.

"कधीकधी उशीर होतो त्यांना," ती म्हणाली. "येतात मात्र."